यवसुरा ते लागर : देवगिरीच्या पायथ्याशी जर्मन पेयांचा विचार

१/
छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालेला प्रवासी दौलताबादचा किल्ला पाहतोच. शहराच्या दुसऱ्या अंगाला, वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत, याकडे मात्र तो इतिहास म्हणून पाहत नाही. या कारखान्यांत मुख्यतः जी बिअर तयार होते तिचे नाव जर्मन आहे, कृती जर्मन आहे आणि ती उष्ण प्रदेशात शक्य करणारे यंत्रही एका जर्मन प्राध्यापकाच्या डोक्यातून निघाले आहे. आणि सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी, याच किल्ल्यातून राज्य करणाऱ्या यादवांच्या एका मंत्र्याने जवाच्या मद्याचे गुणदोष सांगणाऱ्या ग्रंथावर संस्कृतात टीका लिहिली होती.

२/
तो मंत्री म्हणजे हेमाद्री, आपला हेमाडपंत. मराठी माणसाला तो तीन गोष्टींमुळे माहीत असतो : चुन्याशिवाय रचलेली देवळे, मोडी लिपी आणि बाजरी. या तिन्ही गोष्टींत दंतकथेचा भाग मोठा. जे निःसंशय त्याच्या नावावर आहे ते क्वचितच कोणी उघडते. महादेव यादव (१२६१–१२७१) आणि रामचंद्र यादव (१२७१–१३११) यांच्या दरबारातील या श्रीकरणाधिपाने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड निबंधग्रंथ रचला, आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीकाही. ही टीका पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अरुणदत्ताच्या टीकेसोबत छापली, म्हणून ती आज हाती लागते.

३/
अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचवा अध्याय द्रवपदार्थांचा आहे. पाणी, दूध, उसाचा रस, मध, तेल असा क्रम लावत वाग्भट मद्यवर्गाकडे येतो. मग सुरा, वारुणी, बेहड्याची सुरा, द्राक्षांचे मार्द्वीक, खजुराचे खार्जूर, साखरेचे शार्कर, गुळाचे गौड, उसाच्या रसाचे सीधू, अशी यादी. या यादीत ‘यवसुरा’ आहे. यव म्हणजे जव, म्हणजेच बार्ली. वाग्भटाचे तिच्याविषयीचे मत मुळीच चांगले नाही : पचायला जड, रूक्ष, पोट धरून ठेवणारी, तिन्ही दोष वाढवणारी. द्राक्षमद्याला त्याने बरेच वरचे स्थान दिले आहे.

४/
जर्मनीतल्या बव्हेरियाचा रहिवासी हे वाचून दुखावला असता. पण वाग्भटापुढे जी यवसुरा होती तिच्यात हॉप्स नव्हते. हॉप्स ही थंड प्रदेशातली वेल. तिच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो आणि ती लवकर नासत नाही. हॉप्सवाचूनची, गढूळ, कोंड्यासकट आंबलेली आणि चार दिवसांत बिघडणारी जवाची सुरा मराठवाड्याच्या किंवा सिंधच्या उन्हाळ्यात पोटाला जड पडली असेल, तर वैद्याचा त्यात काय दोष?

५/
आता हेमाद्रीकडे परत. धर्मशास्त्रात सुरापान हे ब्राह्मणासाठी महापातक आहे आणि हेमाद्री हा धर्मशास्त्राचा निबंधकार. तोच माणूस वैद्यकाच्या टीकेत मद्याचे गुण शांतपणे समजावून सांगतो. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. धर्मग्रंथ ‘काय करावे’ हे सांगत होता, वैद्यकग्रंथ ‘प्यायल्यावर काय होते’ हे सांगत होता, आणि देवगिरीच्या एकाच माणसाला दोन्ही प्रश्न ठाऊक होते. ‘आमच्याकडे दारू परक्यांनी आणली’ आणि ‘आमचे पूर्वज तर सगळेच प्यायचे’, ही समाजमाध्यमांवर फिरणारी दोन्ही विधाने हेमाद्रीच्या पोथ्यांसमोर ठेवली की लंगडी पडतात.

६/
पिण्याची रीत या विषयावर प्राचीन वैद्यक किती बारकाईने बोलते ते पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या मदात्यय अध्यायाचा आशय असा : विधी, मात्रा, काळ, पथ्यकर अन्न आणि स्वतःचे बळ पाहून, प्रसन्न मनाने घेतलेले मद्य अमृतासारखे आणि याउलट घेतलेले विषासारखे. मदाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत आनंद, दुसरीत तोल सुटणे, आणि तिसरीत माणूस तोडून पडलेल्या लाकडासारखा निश्चेष्ट. शिवाय, जो सर्व मद्यांपासून दूर राहतो आणि जितेंद्रिय आहे त्याला मद्यजन्य विकार शिवत नाहीत, हेही तिथेच सांगितले आहे. स्तुतिपाठक हे वाक्य वगळतात. निंदक आधीचे वगळतात.

७/
वाग्भटाच्या ऋतुचर्येत तर मोसमाप्रमाणे पेये बदलतात. थंडीत गुळाचे मद्य आणि सुरा. वसंतात आसव, अरिष्ट, सीधू, मार्द्वीक. पावसाळ्यात जुनी, मुरलेली मद्ये. आणि ग्रीष्मात? पिऊच नये. प्यायचीच तर अगदी थोडी आणि भरपूर पाणी घालून. मे महिन्यात दौलताबादच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही या सल्ल्याचे शहाणपण वेगळे सांगावे लागणार नाही.

८/
इथेच जर्मन परंपरेशी पहिला खरा दुवा जुळतो. जर्मन पेयांचा आस्वाद घ्यायचा तर मोसम ओळखावा लागतो. १५५३ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने उन्हाळ्यात बिअर गाळण्यास बंदी घातली. संत जॉर्जचा दिवस (२३ एप्रिल) ते संत मायकेलचा दिवस (२९ सप्टेंबर) भट्ट्या बंद. कारण व्यवहाराचे होते : उष्ण हवेत बिअर नासे आणि भट्ट्यांमुळे आगीही लागत. मग मार्च महिन्यात जरा कडक, जास्त हॉप्सची बिअर करून ती तळघरात साठवत आणि उन्हाळाभर पुरवत. तिचे नावच ‘मेर्त्सेन’, म्हणजे मार्चची. उरलेली शरद ऋतूत संपवायची. आज ऑक्टोबर मेळ्याशी जिचे नाव जोडले जाते ती तांबूस, धान्याच्या गोडसर वासाची बिअर मुळात साठवणुकीच्या अडचणीतून जन्मली. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-लोणच्यांची बेगमी होते, तसलाच हा मामला.

९/
वसंतातल्या ख्रिस्ती उपवासकाळासाठी म्युनिकच्या मठवासीयांची ‘बॉक’ घराण्यातली दाट, गोडसर, कडक बिअर असे. अन्न वर्ज्य, पण द्रव वर्ज्य नाही. मग द्रवच अन्नासारखा पोटभरीचा करायचा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे म्हणायला मराठीच यावी लागते असे नाही.

१०/
‘लागर’ या शब्दाचा अर्थ साठवण, कोठार. ही बिअर आंबवणारे यीस्ट थंडीत, पिंपाच्या तळाशी, सावकाश काम करते. त्यानंतर कित्येक आठवडे तिला थंड जागी मुरू द्यावे लागते. बव्हेरियातील लोकांनी त्यासाठी टेकड्यांत भुयारे खोदली, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आत भरला आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली. त्या सावलीत बाके टाकून लोक पिऊ लागले, आणि बिअरचे बगीचे सुरू झाले. देवगिरीचा कातळ फोडून काढलेली अंधारी शत्रूला चकवण्यासाठी होती. बव्हेरियाची अंधारी उन्हाला चकवण्यासाठी.

११/
१८४२ मध्ये योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने बोहेमियातील प्लझेन गावी हीच थंड पद्धत फिकट भाजलेल्या जवासाठी वापरली आणि सोनेरी, पारदर्शक बिअर तयार झाली. तीच ‘पिल्स्नर’. आज जगभर ‘बिअर’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो रंग येतो तो या गावाचा. पण तळघरे आणि बर्फ हवाच होता, त्यामुळे ही बिअर थंड मुलखाबाहेर सहज जाऊ शकत नव्हती. ती अडचण म्युनिकचे प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात सोडवली. स्थानिक बिअर कारखान्याच्या मदतीने त्यांनी शीतयंत्र उभे केले. लिंडे नसते तर वाळूजमध्ये मे महिन्यात लागर मुरवणे कोणाच्या बापाला जमले नसते.

१२/
आता त्या प्रसिद्ध कायद्याविषयी. १५१६ मध्ये इंगोलश्टाट येथे बव्हेरियाच्या ड्यूकने फर्मान काढले की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. आज बाटल्यांवर हे ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून मिरवते. मात्र हे नाव फार नंतरचे, विसाव्या शतकातले. मूळ फर्मानाचा बराचसा भाग बिअरच्या किमतीविषयी आहे : थंडीत एका मासाला, म्हणजे साधारण एका लिटरला, अमुक आणि उन्हाळ्यात तमुक. गहू-राय भाकरीसाठी राहावेत हा हेतू त्यामागे असल्याचे अनेक इतिहासकार मानतात. आणि पुढे गव्हाची बिअर गाळण्याचा हक्क कोणाकडे गेला? आधी एका सरदार घराण्याकडे आणि १६०२ नंतर खुद्द ड्यूकच्या घराण्याकडे. प्रजेला गहू वर्ज्य, राजाला मक्तेदारी. शुद्धतेच्या गोष्टीत महसूल असा लपलेला असतो.

१३/
एक गंमत. त्या फर्मानात यीस्टचा उल्लेखच नाही. बिअर आंबवणारा जीव कोणता, हे तेव्हाच्या युरोपात कळले नव्हते. आधीच्या खेपेचा गाळ नव्या खेपेत घालत असत, एवढेच. उलट कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, आंबवण घटकाला स्वतंत्र नाव आहे : किण्व. उडदाचा वाटलेला गोळा आणि काही औषधी यांपासून ते तयार करायचे. तोच शब्द आज मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘किण्वन’ म्हणून बसला आहे. अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष मद्यगृहाची व्यवस्थाही सांगतो. वेगवेगळ्या खोल्या, आसने, गंध, फुले, पाणी, सगळे ऋतूनुसार सुखकर. उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस गाळण्याची मुभा. आणि अर्थातच कर.

१४/
यादवांच्या आधी या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्यांच्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे ११२९–११३१) राजाच्या पाणी पिण्यालाही स्वतंत्र प्रकरण आहे आणि क्रीडांच्या यादीत मदिरापानाचाही समावेश आहे. दख्खनच्या दरबारात पेय हा अभिरुचीचा विषय होता. जनसामान्यांची मोहाची दारू, शिंदीचा रस आणि घरची आंबील मात्र कोणत्याही राजाने श्लोकबद्ध केली नाही.

१५/
१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली आणि त्या पैशावर दिल्लीचे तख्त मिळवले. त्याच सुलतानाने पुढे दिल्लीत दारूबंदी केली. झियाउद्दीन बरनी वर्णन करतो की शाही मैफिलीची काचेची व चिनी मातीची पात्रे बदायूँ दरवाज्यासमोर फोडण्यात आली आणि ओतलेल्या मद्याने तिथे पावसाळ्यासारखा चिखल झाला. सरदारांनी मैफिलीत एकत्र येऊन कट रचू नयेत, हा त्यामागचा हिशेब होता. लोक चोरून प्यायलेच. शेवटी घरात, एकांतात, विक्री न करता पिणाऱ्याकडे सुलतानाने काणाडोळा केला.

१६/
मुहंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केल्यानंतर, १३४२ च्या सुमारास, इब्न बतूता इथे आला. त्याने गावातील गायिकांच्या बाजाराचे वर्णन केले आहे, किल्ल्याच्या तुरुंगातील मांजराहून मोठ्या उंदरांचेही. आणि द्राक्षे व डाळिंबे : ती इथे वर्षातून दोनदा येतात, असे तो लिहितो. पुढे नंदुरबारला पोचल्यावर मराठ्यांविषयी त्याने लिहिले की ते मद्य पीत नाहीत, त्यांच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा दुर्गुण आहे.

१७/
म्हणजे द्राक्षे दोनदा, मद्य शून्य? इब्न बतूताचे वाक्य जपून वाचायला हवे. तो तिथे ब्राह्मण आणि क्षत्रिय या प्रतिष्ठितांविषयी बोलत आहे : त्यांचा भात, भाज्या, तिळाचे तेल, त्यांचे सोवळे. शेतकरी, कोळी, भिल्ल, लष्कराबरोबर फिरणारे लोक काय पीत होते, हे त्याने विचारले नाही. प्रवासी ज्याच्या घरी उतरतो त्याच्या चालीरीतींना तो देशाच्या चालीरीती समजतो. हा दोष पुढच्या युरोपीय प्रवाशांतही भरपूर सापडेल.

१८/
या परिसराशी निगडित मद्याची सर्वांत दुःखद कथा मोगलांची आहे. अकबराचा मुलगा मुराद दख्खनच्या मोहिमेवर असताना १५९९ मध्ये अतिमद्यपानाने पूर्णा नदीकाठी वारला. दौलताबादेपासून ती जागा सुमारे वीस कोस. त्याला परत नेण्यासाठी अबुल फजलला पाठवले होते. तो पोचला त्याच सुमारास शहजाद्याने प्राण सोडले. मुराद तिशीही गाठू शकला नाही.

१९/
त्याच्या जागी धाकटा दानियाल आला. तोही त्याच वाटेने गेला. अकबराने फर्मान काढून त्याच्यावर पहारा बसवला. मग दानियालने आपल्या एका लाडक्या बंदुकीच्या नळीतून अर्क आणवला. जहांगीर लिहितो की त्या बंदुकीला दानियालने जनाजा म्हणजे तिरडीशी जोडलेले नाव दिले होते. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्या तीव्र अर्कात उतरला, आणि १६०५ मध्ये बुऱ्हाणपूरला दानियाल मरण पावला. हे लिहिणारा जहांगीर स्वतः एके काळी दोनदा गाळलेल्या अर्काचे वीस प्याले रोज घेत असे. हकिमाने निर्वाणीचा इशारा दिल्यावर त्याने ते सहावर आणले.

२०/
इथे एक तांत्रिक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. वाग्भटाची सुरा, आसव, सीधू ही आंबवलेली पेये. मोगल शहजादे पीत होते तो ऊर्ध्वपातनाने काढलेला अर्क, कित्येक पट तीव्र. चरकाची ‘मात्रा’ ज्या पेयासाठी सांगितली होती ते पेय बदलले, पण प्याला तोच राहिला. जर्मनीतही असेच घडले. धान्याच्या ब्रांडीचा, म्हणजे ‘कोर्न’ वगैरे श्नाप्सचा, प्रसार झाल्यावर तिथल्या राज्यकर्त्यांनाही बिअर त्यामानाने निरुपद्रवी वाटू लागली. म्हणून आजही तिथे श्नाप्स जेवणानंतर एका छोट्या पेल्यात घेतात. बिअरच्या आकाराचा पेला त्यासाठी कोणी मागत नाही.

२१/
दौलताबादच्या पुढे काही किलोमीटरवर खुलताबादला औरंगजेबाची साधी कबर आहे. त्याच्या दारूबंदीविषयी इटालियन मनूची एक किस्सा सांगतो. बादशहा संतापून म्हणाला की हिंदुस्थानात न पिणारी दोनच माणसे आहेत, आपण आणि काझी अब्दुल वहाब. मनूची पुढे टिपतो की काझीच्या बाबतीत बादशहा चुकत होता, कारण त्याला रोज एक बाटली मनूचीच पुरवत असे. मनूचीला फुशारकीची सवय होती, तेव्हा किस्सा मिठाच्या खड्यासह घ्यावा.

२२/
आता उलट दिशेचा प्रवास. १६३८ मध्ये योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा तरुण जर्मन सरदार इराणच्या बंदरातून सुरतेला इंग्रजांच्या जहाजाने आला. जहाजावर काय काय प्यायलो त्याची त्याने यादी दिली आहे : इंग्लिश बिअर, स्पॅनिश व फ्रेंच मद्य, हिंदी अर्क, आणि शेवटी ‘पालेपुंत्सेन’. हा शेवटचा शब्द म्हणजे पंच. अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. पंच या नावाचा उगम हिंदी-मराठी ‘पाच’मध्ये आहे, हे मत १६७० च्या दशकात पश्चिम किनारा आणि जुन्नरपर्यंत फिरलेल्या जॉन फ्रायरपासून चालत आले आहे. काही अभ्यासक मात्र ते एका पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात.

२३/
नाव कुठलेही असो, पेय आपल्या किनाऱ्यावरचे. गोव्याचा माडाच्या ताडीपासून काढलेला अर्क त्यासाठी इंग्रजांत नावाजलेला होता. तेच पेय युरोपात गेले आणि जर्मनीत ‘पुन्श’ होऊन राहिले. शिलरने १८०३ मध्ये त्याच्यावर गीत लिहिले. आज नाताळ आणि वर्षअखेरीस जर्मन घरांत ‘फॉयरत्सांगेनबोव्ले’ होते. मसाले घातलेली गरम लाल वाईन, तिच्यावर चिमट्यात अडकवलेली साखरेची शंकूसारखी ढेप, ढेपेवर रम ओतून ती पेटवतात आणि वितळलेली साखर निळ्या ज्योतीसह थेंब थेंब खाली पडते. दिवे मालवून सगळे ते पाहतात. दालचिनी आणि लवंग त्या भांड्यात कोणत्या समुद्राने पोचली, हे तिथे क्वचितच कोणी आठवत असेल. नाताळाच्या बाजारातील ‘ग्ल्यूवाईन’ही त्याच मसाल्यांवर उभी. ती गरम करायची, उकळायची नाही. उकळली की वास जातो.

२४/
मराठी जिभेला जर्मन पेयांची सर्वांत जवळची ओळख मात्र आंबट बिअरमधून व्हावी. बर्लिनची ‘वाइसे’ आणि गोस्लार गावाच्या नदीवरून नाव पडलेली ‘गोजे’. गोजेमध्ये मीठ आणि धने असतात, होय, धने! बव्हेरियाच्या शुद्धतेच्या फर्मानात हे बसत नाही, पण गोजे उत्तरेची. तिथे त्या फर्मानाची सत्ता पोचायला १९०६ उजाडले, आणि तेव्हाही अशा जुन्या स्थानिक प्रकारांना सवलत मिळाली. तिचा आंबटपणा दुधाच्या आम्लाचा, म्हणजे ताकाचा आणि आंबिलीचा. ज्वारीच्या पिठाची, मीठ-जिरे घातलेली आंबील उन्हाळ्यात प्यायलेल्या माणसाला गोजे विचित्र वाटत नाही. तिला बर्फासारखी गार करू नये. जीभ बधिर झाली की धन्याचा वास हरवतो.

२५/
हाच नियम बाकीच्या प्रकारांनाही लागू. आपल्याकडे बिअर दातांना कळ येईल इतकी थंड मागण्याची पद्धत आहे. त्यात उन्हाचा दोष आहे, आणि थोडा निकृष्ट बिअरची चव लपवण्याचाही. पिल्स्नर सात-आठ अंशांवर, उंच निमुळत्या पेल्यात, वर दोन-तीन बोटे फेस ठेवून. फेस म्हणजे मापात फसवणूक नव्हे, हॉप्सचा वास त्यात अडकतो. गव्हाच्या ‘वाइसबिअर’चा पेला आधी पाण्याने ओला करतात, बाटली तिरकी धरून हळू ओततात, तळाशी थोडी उरली की बाटली फिरवून साका मोकळा करतात आणि तोही ओततात. केळे आणि लवंग यांसारखा जो वास येतो तो यीस्टचा आहे, त्यात ना केळे असते ना लवंग. कोलोन शहरात ‘क्योल्श’ २०० मिलिलिटरच्या सरळ पेल्यात येते. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता भरलेला ठेवतो. थांबायचे असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवावी लागते. पंगतीत पानावर हात आडवा धरणाऱ्यांना ही खूण शिकवावी लागणार नाही.

२६/
फ्रांकफुर्टची सफरचंदाची वाईन दगडी मातीच्या निळ्या नक्षीच्या ‘बेंबेल’मधून, चौकडीच्या पेल्यांत. ऱ्हाईन आणि मोझेलच्या उतारांवरची रीसलिंग ही द्राक्षमद्यांत जर्मनीची खरी शान. वाग्भटाने मार्द्वीकाला यवसुरेच्या वर ठेवले होते, हे इथे आठवते. प्याले टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, ही सर्व प्रकारांना समान रीत.

२७/
आस्वादाच्या या गोष्टींखाली एक कटू धागा आहे : गाळण्याचा हक्क कोणाचा? जर्मन गावांतून बिअर करणे हे शतकानुशतके घरातल्या बाईचे काम होते. मार्टिन लूथरची पत्नी काथारिना घरी बिअर गाळत असे. पुढे ते संघटित धंद्याकडे आणि राजाच्या परवान्याकडे गेले. पश्चिम भारतात हेच ब्रिटिश काळात, अधिक कठोरपणे घडले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू मक्त्याखाली आणली. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागांत मोहाची फुले गोळा करणे आणि साठवणे यांवरच बंधने आली. मोह आदिवासींचे अन्नही होते, दुष्काळातला आधार होता. बव्हेरियात गहू राजाने राखला, इथे मोह सरकारने. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि तिथेही शिंदी-ताडीचा अबकारी महसूल तिजोरीचा मोठा खांब होता.

२८/
आणि पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. प्लझेनची चव तिथल्या मृदू पाण्याची, म्युनिकच्या गडद बिअरची चव तिथल्या चुनखडीच्या पाण्याची, असे जर्मन कारागीर मानत आले. देवगिरीच्या इतिहासातही पाणी मध्यवर्ती आहे : किल्ल्यातील हत्ती हौद, पुढे मलिक अंबरने खडकी वसवल्यावर काढलेली नहर. आजचे शहर आणि औद्योगिक वसाहती पैठणच्या नाथसागरावर जगतात.

२९/
एप्रिल २०१६ मध्ये नाथसागर मृतसाठ्यावर होता आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर प्रश्न आला की माणसे तहानलेली असताना मद्य कारखान्यांना पाणी का. न्यायालयाने त्यांच्या पाण्यात आधी ५० आणि १० मेपासून ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांची कपात त्याहून बरीच कमी होती. १५५३ च्या बव्हेरियात उन्हाळ्यात भट्ट्या ड्यूकच्या हुकमाने बंद राहत. मराठवाड्यात त्या उन्हाळ्यात त्या न्यायालयाच्या हुकमाने मंदावल्या, आणि जूनमध्ये सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागले.